देव्हाऱ्यामागची जाळी

नकुलच्या कमरेचा हवा तपासायचा मीटर ओरडायला लागला तेव्हा त्याचा एक बूट काढून झाला होता आणि दुसऱ्याची नाडी त्याच्या हातात होती.

"अगं बाई, तुझ्याकडेही आहे का तो मेला?" आशाकाकू आतून, सोफ्यावरूनच म्हणाल्या. "आमचाही असाच बोंबलायचा, रोज दिवेलागणीला. धुपाचा धूर सोसत नसेल त्याला. शेवटी ह्यांनी नेऊन शेडमध्ये ठेवला."

नकुलने मीटर वर उचलून पाहिला. एकशे चाळीस. तीसच्या आकड्यालाच हा प्राणी जागा होतो, आणि इथे आकडा अजून चढत होता. तो एका पायात बूट, एका पायात मोजा असाच हॉलमध्ये शिरला.

"काकू, उठा. बाहेर चला."

"अरे, आल्या आल्या काय हे? चहा तरी—"

"चहा नको. आत्ताच्या आत्ता बाहेर!"

या घरात तो आजवर कधी इतक्या मोठ्याने बोलला नव्हता. काकू दचकून उठल्या आणि त्यांचे गुडघे वाकले. नकुलने त्यांना काखेत हात घालून सावरलं, अक्षरशः उचलत दाराबाहेर नेलं आणि समोरच्या बुटक्या भिंतीवर बसवलं. मग श्वास रोखून परत आत. फायरप्लेसमधली शेगडी बंद, तिच्यामागचा, घर तापवणारा बॉयलर बंद, जिन्याखालचा गॅसचा मुख्य कॉक बंद, सगळ्या खिडक्या सताड उघड्या. मागच्या दारातून पुरुषोत्तमकाका लायब्ररीतल्या पुस्तकांची पिशवी घेऊन आत येत होते. त्यांना त्याने जवळजवळ ढकलतच पुढच्या दाराने बाहेर काढलं.

"झालं काय पण?" काका म्हणाले. "मी तर फक्त सांगितलं होतं, शेगडीच्या वर भिंत काळी पडतेय म्हणून."

"घरात कार्बन मोनॉक्साइड आहे, काका. काकूंचं डोकं कधीपासून दुखतंय?"

"तीन आठवडे झाले असतील. उलटीसारखंही होतं. डॉक्टर म्हणाली, व्हायरल आहे."

"आणि तुमचं?"

"माझं नाही बुवा. मी सकाळी लायब्ररीत, दुपारी मंडळात." बोलता बोलताच काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "ती एकटीच असते घरी."

नकुलने अँब्युलन्सला फोन केला. पत्ता दोनदा सांगितला. जानेवारीतली दुपार, वारा असा की कान झोंबावेत. काकांनी आपला ओव्हरकोट काढून काकूंच्या अंगावर घातला आणि स्वतः शर्टावर कुडकुडत उभे राहिले.

फोन ठेवल्यावर नकुलची नजर उघड्या दारातून आत गेली. या बॉयलरची सर्व्हिस नोव्हेंबरात त्यानेच केली होती.

दीड वर्षापूर्वी बॉयलर दुरुस्तीच्या कंपनीतली नोकरी सोडून त्याने स्वतःची व्हॅन घेतली होती, आणि तिच्यावर मोठ्या निळ्या अक्षरांत स्वतःचं नाव रंगवून घेतलं होतं. लंडनजवळच्या मराठी वॉटफर्डने त्याला डोक्यावर घेतलं. का नाही घेणार? आपला मुलगा, नऊ वर्षांचा असताना बापाबरोबर हाउन्सलोला आलेला, अजून 'अहो काकू' म्हणणारा. दारात बूट काढतो, पोह्यांना नाही म्हणत नाही, स्वयंपाकघरात शिरण्याआधी विचारतो. दुसरे येतात आणि चिखलाच्या बुटांनी कार्पेट तुडवत जातात. नकुल तसला नाही, असं पाच घरांत तरी बोललं जायचं, आणि ते त्याला फार आवडायचं. आता एकदा का नावावर असा डाग पडला, की गॅसकामाचं लायसन्स जाईल आणि व्हॅनही जाईल. त्याहून वाईट म्हणजे त्या पाच घरांत काय बोललं जाईल ते त्याला ऐकावं लागेल.

पण चुकलं कुठे? नोव्हेंबरात ज्योत स्वच्छ जळत होती, धुराची काडी पेटवून पाहिली तेव्हा धूर नीट चिमणीत वर गेला होता. तो एकेक गोष्ट आठवू लागला आणि हवेच्या जाळीपाशी येऊन अडला.

अशा जुन्या बॉयलरला श्वास घ्यायला बाहेरची हवा लागते. त्यासाठी भिंतीला एक भोक असतं, आतून जाळी, बाहेरून जाळी. ते बंद झालं तर बॉयलर खोलीतलीच हवा खातो आणि विष परत खोलीत ओकतो. या घरात आतली जाळी होती फायरप्लेसशेजारच्या कोपऱ्यात, बरोब्बर देव्हाऱ्यामागे.

नोव्हेंबरातली ती सकाळ त्याला लख्ख आठवली. काकूंची नुकतीच पूजा झालेली. झेंडूची फुलं, ओलं गंध, तेवतं निरांजन. जाळी बघायची तर सगळा देव्हारा पुढे ओढावा लागणार होता. तो क्षणभर घुटमळला. हात काळे, गुडघ्यांना काजळी. "असू दे," तो स्वतःशीच पुटपुटला होता, "बाहेरून बघतो." बाहेरची जाळी स्वच्छ होती. फॉर्मवरच्या चौकोनात त्याने बरोबरची खूण केली आणि मग आत बसून दोन वाट्या पोहे खाल्ले.

टॉर्च घेऊन तो घराच्या बाजूच्या बोळात गेला. ओणवा होऊन त्याने बाहेरच्या जाळीतून आत उजेड टाकला. आत, वीतभर अंतरावर, किरमिजी रंगाची लोकर होती. नोव्हेंबरात हीच जाळी त्याने उभ्या उभ्या पाहिली होती, टॉर्चशिवाय.

"माझा स्वेटर आहे तो," मागून काका म्हणाले.

नकुल वळला नाही.

"वारा यायचा रे तिथून. निरांजन टिकायचं नाही. विझलं की ही दिवसभर मनाला लावून घ्यायची. म्हणून मी कोंबला."

"कधी कोंबलात, काका?"

नकुलने मान वर करून पाहिलं. काकांची नजर रस्त्यावर उभ्या असलेल्या व्हॅनवर, त्या निळ्या अक्षरांवर होती.

"डिसेंबरात," काका म्हणाले. "तू सर्व्हिस करून गेलास, त्यानंतर."

नकुलचा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला, त्याला आनंद झाला, ओणव्यानेच, टॉर्च हातात धरून. काकू तिकडे भिंतीवर बसून डोकं धरून होत्या आणि इकडे हा गडी मनातल्या मनात सुटला होता. डिसेंबर म्हणजे प्रश्नच मिटला. त्यानंतर कोणी स्वेटर कोंबला तर त्याला तो काय करणार?

"कोणी विचारलं तर सांगेन मी," काका घाईघाईने म्हणाले. "हवं तर लिहून देतो. आत्ताच देतो."

न मागता लिहून द्यायला निघालेल्या माणसाकडे नकुल बघत राहिला. तेवढ्यात अँब्युलन्स आली.

पॅरामेडिक बाईने काकूंच्या बोटाला रक्तातलं विष मोजायचा चिमटा लावला, आकडा पाहिला आणि एकही शब्द न बोलता त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला. काकूंना आत निजवल्यावर ती नकुलपाशी आली.

"हीटिंग रात्री चालू असतं?"

"हो. थंडी आहे ना."

"मग आज आलात ते बरं झालं," ती हळू म्हणाली. "उद्या मला वेगळ्या कामासाठी यावं लागलं असतं."

नकुलने मान हलवली.

काकूंनी अँब्युलन्समधून हाताने खूण केली, ये म्हणून. तो मागच्या पायरीवर चढला. काका खाली उभे होते. काकूंनी मास्क जरासा बाजूला सारला, पॅरामेडिक रागावली तरी सारलाच.

"बॉयलर बिघडला होय रे?"

"बॉयलर चांगला आहे, काकू. त्याला हवाच मिळत नव्हती. देव्हाऱ्यामागे जाळी आहे ना, ती बंद झालीय."

"इश्श, तो स्वेटर? मी विणलेला! लक्ष्मीपूजनाला निरांजन तीनदा विझलं, तेव्हा कोंबला ह्यांनी. मी म्हटलं, अहो, तेवढाच एक चांगला आहे तुमचा, तर ऐकतील तर शपथ."

लक्ष्मीपूजन म्हणजे ऑक्टोबर. सर्व्हिसच्या तीन आठवडे आधी. नकुलने काकांकडे पाहिलं. काका अँब्युलन्सच्या टायरकडे पाहत होते.

"पण मग इतके दिवस कसं काही झालं नाही?" काकूंनी विचारलं.

"जुन्या खिडक्यांना फटी होत्या. त्यांच्यातून हवा येत होती. नाताळाआधी तुम्ही नव्या बसवल्यात ना, तेव्हापासून घर डब्यासारखं बंद झालं." बोलता बोलता नकुलला आपलाच आवाज परका वाटला. "काकू, तो स्वेटर काढायचा तर देव्हारा हलवावा लागेल."

"हलव की! आंघोळ झालीय ना सकाळी?"

"झालीय."

"मग झालं तर. आणि नसती झाली तरी काय, देव काय तुला खाणार होते? दर महिन्याला मी सगळे काढते, घासते, पुन्हा मांडते. पाच मिनिटांचं काम." काकूंना धाप लागली, त्या थांबल्या आणि मग हसल्या. "मागच्या वेळी तू देवांना हात नाही लावलास. मी स्वयंपाकघरातून बघत होते. ह्यांना म्हटलंसुद्धा, बघा, किती संस्कारी मुलगा. दुसऱ्याने सरळ ओढला असता."

नकुलने हातातला टॉर्च विझवला.

"तेव्हा नुसतं म्हणाला असतास तरी मीच हलवून दिला असता रे," काकू म्हणाल्या, आणि पॅरामेडिकने मास्क परत जागेवर बसवला.

तेवढ्या त्या एका वाक्याने तो पार खचला. त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा मागमूसही नव्हता. तक्रार असती तर ती त्याने सहन केली असती.

काका आत चढले. जाताना त्यांनी घराची किल्ली नकुलच्या हातात दिली आणि त्याचा हात क्षणभर तसाच धरून ठेवला.

"मी डिसेंबर म्हणालोय," ते अगदी हळू म्हणाले. "हिला तारखा लक्षात राहत नाहीत. तुझं नवं नवं आहे सगळं. मीच कोंबला ना? मग माझ्याच माथी राहू दे."

दार बंद झालं आणि अँब्युलन्स वळणावरून दिसेनाशी झाली.

नकुल घरात गेला. मीटर आता शून्यावर होता, खिडक्यांतून गार वारा आरपार वाहत होता. त्याने सिंकवर हात धुतले, साबणाने, दोनदा. मग देव्हाऱ्यासमोर गुडघे टेकले. आधी बाळकृष्ण, मग अन्नपूर्णा, मग तळहाताएवढा गणपती, एकेक उचलून त्याने टीपॉयवर पुसून ठेवले. देव्हारा हलका निघाला, एका हाताने सरकला. मागची जाळी स्क्रू नसल्याने नुसती टेकवून ठेवलेली होती. त्याने स्वेटर ओढला. तो लांबच लांब येत राहिला, आणि बाही सुटली तसा बाहेरचा वारा भस्सकन त्याच्या तोंडावर आला.

घड्याळ पाहिलं. पाच मिनिटंही लागली नव्हती.

देव्हारा समोरच्या भिंतीशी मांडून त्याने बॉयलरला लाल लेबल लावलं: धोकादायक, वापरू नये. मग सोफ्यावर, काकूंच्या जागी बसून फॉर्म भरायला घेतला. कारण: हवेचा मार्ग बंद. कधीपासून, या रकान्यापाशी पेन थांबलं. बाहेर अंधारून आलं होतं, समोरच्या घरात दिवे लागले होते. लिहिण्यासारखे महिने दोन होते, आणि त्यातला एक त्याला फुकट मिळाला होता.

त्याने लिहिलं: ऑक्टोबर. खाली, कोणी न विचारलेल्या मोकळ्या जागेत, आणखी एक ओळ लिहिली: नोव्हेंबरच्या सर्व्हिसमध्ये आतली जाळी पाहिली गेली नाही. त्यापुढे स्वतःचा लायसन्स नंबर घातला आणि सही केली. फोटो काढून तो लायसन्सवाल्यांच्या ऑफिसला पाठवून दिला. मागे फिरायचा रस्ताच ठेवला नाही.

मग त्याने काकांना फोन लावला.

"कशा आहेत?"

"झोपलीय. आकडा खाली येतोय म्हणतात. आजची रात्र ठेवून घेणार आहेत."

"काका, मी फॉर्म भरला. ऑक्टोबर लिहिलंय."

पलीकडे हॉस्पिटलातले आवाज येत होते. कोणाचीतरी ट्रॉली गेली, कोणीतरी कोणाला हाक मारली.

"मी सांगितलं होतं ना तुला," काका म्हणाले. आवाज चिरकला होता.

"हो."

"मग?"

"उद्या मला अजून नऊ घरांत जायचंय, काका. जिथे जिथे मी बाहेरून बघितलंय तिथे."

काकांनी घसा खाकरून विचारलं, "देव कुठे ठेवलेस?"

"समोरच्या भिंतीला. खिडकीपासून लांब. तिथे वारा लागत नाही."

"बरं केलंस. दिवेलागण झाली, ही उठली की पहिलं तेच विचारेल."

नकुलने खिशातली काड्यापेटी काढली. धूर तपासायच्या काड्यांची होती ती. मग ती परत खिशात टाकून तो स्वयंपाकघरात साधी काड्यापेटी शोधायला गेला.