रुप्या, तू धर

"रुप्या, तू धर दांडा. तुना हात मजबूत शे," प्रेमराज म्हणाला, आणि रुपचंदने धरला.

भिंतीतून बाहेर आलेला लोखंडी दांडा. खाली दाबून ठेवला की समोरचं गजांचं दार उघडं राहायचं, सोडला की धाडकन बंद. म्हणजे एकाने मागे राहायचंच. कोणी, याची चर्चासुद्धा झाली नाही. प्रेमराज, समाधान आणि अभिमन वाकून पलीकडच्या खोलीत शिरले. रुपचंद एकटा अलीकडे उरला.

जेल खोटा होता. जळगावात नवीनच निघालेला खेळ. पैसे भरून स्वतःला कोंडून घ्यायचं, कोडी सोडवायची, चाव्या शोधायच्या आणि वेळ संपायच्या आत बाहेर पडायचं. ज्यांना आयुष्यात कोणी कोंडलं नाही, त्यांनाच असली हौस सुचते. ही अभिमनला सुचली होती. तो पुण्याहून सुटीला आला होता आणि धरणगावच्या शाळेतले जुने दोस्त जमवायचे म्हणत होता. प्रेमराज आता ठिबकचा मोठा व्यापारी, समाधान मास्तर. रुपचंद जळगावच्या एका दवाखान्यात वॉर्डबॉय. पन्नाशी आली तरी बॉयच.

सकाळी फोन प्रेमराजनेच केला होता. आधी गेम, मग संध्याकाळी आपल्या नव्या घरी भरीत. रुपचंदने त्यातलं एकच ऐकलं. घरी.

कारण इतक्या वर्षांच्या दोस्तीत तो प्रेमराजच्या घरात कधी गेलाच नव्हता. धरणगावला होते तेव्हा ओट्यावर प्रेमराजचे वडील, आबा, बसलेले असायचे; तो ओट्याखाली उभा राहून हाक मारायचा आणि प्रेमराज बाहेर यायचा. भरिताच्या पार्ट्या समाधानच्या वावरात व्हायच्या. कपाशीच्या काड्यांवर वांगी रुपचंदच भाजायचा, लाकडी बडगीत तोच ठेचायचा, आणि चौघं एका केळीच्या पानावर जेवायचे. बौद्धवाड्यातला पोरगा आणि तीन पाटलांचे, एका पानावर. त्याला वाटायचं, बघा, आपली दोस्ती. वावराला दार नसतं, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

आज त्याने नव्या चपला घातल्या होत्या. दारात काढाव्या लागणार, चारचौघांच्या शेजारी दिसणार, म्हणून. निघताना मेघाने, त्याच्या लेकीने, चपलांकडे बघितलं.

"पप्पा, बोलावलंय की काम लावलंय?"

तो तिच्यावर ओरडला होता. दोस्तीतलं तुला काय कळतं म्हणाला होता.

इथे आल्यावर काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, कमीत कमी चार जण लागतात. समाधान हसत त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "चौथा गडी नही उना, म्हनीसन तुले बलायं." रुपचंदही हसला होता. हसायची सवय असते.

पलीकडून कुलपं खटखटत होती. अभिमन कसलेसे आकडे वाचत होता. मध्येच समाधानने संध्याकाळचा विषय काढला. गजांचं दार उघडं होतं. सगळं ऐकू येत होतं.

"आबा ओट्टावर बठेल शेतस," प्रेमराज म्हणाला. "तू रुप्याले मांगला दारथीन लई ये. काड्या मांगेच टाकेल शेतस."

"त्याले राग उना तं?" समाधानने विचारलं.

"रुप्याले? रुप्याले कधी राग येस का?"

पुण्यात राहणारा, मोठी मोठी भाषणं फॉरवर्ड करणारा अभिमन. त्याने पुढचा आकडा वाचला.

रुपचंदच्या तळहातात दांडा रुतला होता. याच हातांनी त्याने प्रेमराजच्या आईची कूस बदलली होती. दवाखान्यात ती महिनाभर पडून होती. सुनेला वास सहन होत नव्हता, म्हणून तिचं हागणंमुतणं रुपचंदने काढलं. गेली तेव्हा तिला उचलून गाडीत त्यानेच ठेवलं. हेच आबा तेव्हा त्याचा हात धरून रडले होते. तेव्हा कुठल्या दाराने आलास, हे कोणी विचारलं नव्हतं.

सोडावा दांडा. धाडकन दार लागेल. बसा आत.

त्याने बोटं सैल केली. दांडा जरा वर आला, गज करकरले, आणि पलीकडून प्रेमराज ओरडला, "रुप्या, धर ना!"

त्याने धरला.

पुढे आयुष्यभर त्याला दुसऱ्या कशाहीपेक्षा याचीच लाज वाटणार होती. ऐकल्यावरसुद्धा धरला. त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे. हातालाच दुसरं काही येत नव्हतं.

पलीकडे एकदम आरडाओरडा झाला, टाळ्या पडल्या. मग पावलं लांब गेली. मग काहीच नाही. रुपचंद दाबूनच होता. हाताला मुंग्या येऊन गेल्या, तरी दाबूनच.

मागचं दार उघडून काउंटरवरची मुलगी आत आली.

"काका, सोडा की. ते कधीच बाहेर पडले, त्या बाजूच्या दारानं."

बाहेर तिघं 'आम्ही सुटलो' असा फलक छातीशी धरून उभे होते. प्रेमराजने मोबाइल पुढे केला. रुपचंदने फोटो काढला. बोटं नीट वळत नव्हती, म्हणून दोनदा काढावा लागला.

"चाल," प्रेमराज मोबाइल घेत म्हणाला. "घर जाऊत."

"कोनता दारथीन?"

समाधान फलकाकडे बघू लागला. अभिमनने मोबाइल काढला. प्रेमराजचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला.

"रुप्या, आबा जुना मानूस. तुले तं माहीत शे."

"माहीत शे," रुपचंद म्हणाला आणि जिना उतरू लागला.

मागून समाधानचा आवाज आला. "मंग भरीतनं कसं?"

मोटरसायकलची मूठ उजव्या हाताने धरवेना. तो हळूहळू, गल्लीबोळांतून घरी आला. दार लोटलेलंच होतं. मेघा आतून बघत होती.

रुपचंदने नव्या चपला काढल्या. रोजच्या चपला तो कोपऱ्यात सारायचा. आज या वाकून जोडीने, आपल्याच उंबऱ्यासमोर मधोमध ठेवल्या, आणि आत गेला.