आदरणीय बाई, सस्नेह नमस्कार

कुंडलिक शेडगे अख्ख्या दिवसात जेमतेम चाळीस शब्द बोलायचा आणि त्यातले निम्मे त्याच्या लेथ मशीनला उद्देशून असायचे. मानपाड्याजवळच्या एमआयडीसीत टर्नर म्हणून त्याला एकोणीस वर्षं झालेली. लोखंडाचा दांडा हातात दिला की नुसता अंगठा फिरवून सांगणार, "सूतभर जास्त आहे." घरी मात्र भाजी कशी झालीय विचारलं तर मान हलवणार. मान किती हलली त्यावरून मिठाचा अंदाज बायकोनं, भावनानं, घ्यायचा.

अशा माणसाला भावनानं पालकांच्या प्रशिक्षणाला धाडलं.

त्यांची मुलगी रुचिता आठवीत. तिच्या दप्तरात, डब्याच्या कप्प्यात, तेलानं आरपार झालेली एक चिठ्ठी भावनाला सापडली. शाळेचं ॲप कसं वापरायचं ते पालकांना शिकवणार, शनिवारी अकरा वाजता, एका पालकानं यायचंच यायचं. भावना पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर कामाला, शनिवारी तिला पाणी प्यायला फुरसत नसे.

"तुम्ही जा," ती म्हणाली.

"मी?"

"मग काय मी? जूनपासून नव्या बाई आल्यात, आपण त्यांचं तोंड पाहिलेलं नाही. आणि ते ॲप तुमच्याच नंबरवर आहे ना?"

होतं खरं. जूनमध्ये रुचितानं लॉकडाऊनच्या वेळचा जुना टॅब पुढे धरून म्हटलेलं, "पप्पा, ओटीपी आलाय तो सांगा," आणि यानं सांगून टाकलेला. पुढे त्या ॲपचं काय झालं, हे त्यानं कधी विचारलं नाही. शाळेतून काही निरोप येत नाही, त्या अर्थी सगळं ठीक चाललंय, असा त्याचा समज.

शनिवारी अर्धी सुट्टी टाकून तो कंपनीच्या निळ्या युनिफॉर्मातच शाळेत गेला. रुचिताला वाटत होतं, पप्पा कामावर गेलेत. वर्गाच्या दारात त्याचे पाय थबकले. आत एकोणतीस बायका आणि पुरुष एकही नाही. मागच्या मागे पळावं असा विचार मनात येतोय तोवर एका बाईनं सरकून जागा केली. बाकाखाली गुडघे मावेनात आणि बाहेर काढले तर वाटेत येत.

तेवढ्यात बाई आल्या. थेल्मा परेरा, रुचिताच्या वर्गशिक्षिका. ठेंगण्या, चष्मा केसांत खोचलेला, आणि बोलताना दोन्ही हात हवेत.

"आपलं नाव?"

"शेडगे. रुचिताचा..."

"रुचिताचे पप्पा!" बाईंनी टाळीच वाजवली. "अहो, जूनपासून वाट बघतेय तुमची! बघा, हे ते शेडगे. तुम्ही सगळ्या मला अंगठा पाठवता. काहीही विचारा, अंगठा! आणि हे काय लिहितात? 'आदरणीय बाई, सस्नेह नमस्कार.' मी माझ्या मम्मीला वाचून दाखवते यांचे मेसेज!"

कुंडलिकनं मागे वळून पाहिलं. मागे पचनसंस्थेचा तक्ता होता, दुसरा कुणी शेडगे नव्हता.

"तुमची परवानगी असेल तर नमुना म्हणून दाखवू?" बाईंनी विचारलं. त्यानं सवयीनं मान हलवली आणि बाईंनी ती होकारार्थी धरली. समोरच्या पडद्यावर त्याचं नाव उमटलं आणि त्याखाली एकामागून एक मेसेज.

'पालकसभेस येण्याची तीव्र इच्छा होती, परंतु आमच्या थोरल्या आत्याबाई मोरीत पडल्या.' हा जुलैतला. ऑगस्टच्या सभेला आत्याबाई पुन्हा पडल्या होत्या, या खेपेला जिन्यात.

"आता कशा आहेत हो आत्या?" बाईंनी कळवळून विचारलं.

कुंडलिकला आत्याच नव्हती. "उभ्या आहेत," तो म्हणाला.

पुढचा मेसेज: 'चाचणीत चाळीसपैकी अकरा गुण पाहून वाईट वाटले. गणिताची चिंता नसावी. दर रविवारी मी स्वतः तिला घेऊन बसतो.'

अकरा? कुंडलिकच्या कानाच्या पाळ्या तापल्या. घरी गेल्यावर त्या पोरीला बघतोच, असं तो मनात म्हणतोय तोवर बाईंनी शेवटचा मेसेज मोठ्यानं वाचायला घेतला.

'जेवताना रुचिता मला शाळेतल्या सगळ्या गमती सांगते. बेडूक टेबलावरून उडाला तेव्हा आपण खुर्चीवर चढलात, हेही सांगितले. मी तिला तीनदा सांगायला लावले. आम्ही फार हसलो.'

बायका खदखदल्या. बाई लाजून म्हणाल्या, "चढले होते मी, खरंच." कुंडलिक मात्र पडद्याकडे बघत राहिला. त्यांच्या घरी जेवताना टीव्ही चालू असायचा. हा वाटी पुढे करायचा, ती आमटी वाढायची. पडद्यावरचा हा बाप पोरीला गोष्ट तीनदा सांगायला लावत होता. त्या न पाहिलेल्या माणसाचा कुंडलिकला हेवा वाटला, अगदी पोटातून.

मग प्रात्यक्षिक सुरू झालं. शेजारच्या बाईच्या मदतीनं त्यानं ॲप आपल्या फोनवर घेतलं. "आता प्रत्येकानं मला एक मेसेज पाठवायचा," बाई म्हणाल्या. "अंगठा पाठवाल तर बाकावर उभं करीन!"

मायक्रोमीटरवर केसाची जाडी मोजणारी त्याची बोटं त्या इवल्या अक्षरांवर घसरू लागली. बराच वेळ झटून त्यानं एकदाचं पाठवलं. पडद्यावर उमटलं:

'मी आलू आहे.'

वर्ग हसून फुटला. पुढच्या बाकावरची बाई तर डोकं बाकावर टेकवून हसत होती. कुंडलिक दुरुस्ती करायला म्हणून फोनवर वाकला, आणि त्यानं काही टाईप करायच्या आतच, त्याच्याच नावानं, पडद्यावर दुसरा मेसेज येऊन पडला.

'आदरणीय बाई, सस्नेह नमस्कार. आज कारखान्यात तातडीचे काम निघाल्याने प्रशिक्षणास उपस्थित राहणे अशक्य आहे. माझी मुलगी हुशार आहे, ती मला घरी सर्व शिकवेल. दिलगीर आहे. आपला, कुंडलिक शेडगे.'

एकोणतीस बायकांनी पडद्याकडे पाहिलं, मग निळ्या युनिफॉर्माकडे, मग पुन्हा पडद्याकडे.

"अगं बाई," मागून कुणीतरी म्हणालं, "मग हे कोण बसलंय?"

त्यासरशी असा हशा उसळला, की शेजारच्या वर्गातून लोक बघायला आले. थेल्माबाईंचा चष्मा केसांतून निसटून खाली पडला. कुंडलिकनं रागवायचा मनापासून प्रयत्न केला. भुवया जवळ आणल्या, दात आवळले. पण पोटातून काहीतरी उचकीसारखं वर आलं, आणि तो हसला. खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, बाक करकरायला लागला. कितीतरी वर्षांत तो असा हसला नव्हता.

हसत हसतच त्यानं टाईप केलं: 'मी वर्गात बसलोय. तू कोण'

पडद्यावर खाली बारीक अक्षरांत आलं, 'लिहीत आहे'. मग ते गेलं. पुन्हा आलं. पुन्हा गेलं.

"श्श! लिहितेय, लिहितेय!" बायका एकमेकींना गप्प करत होत्या.

शेवटी उत्तर आलं.

'आदरणीय पप्पा, सस्नेह नमस्कार.'

आणि त्याच्याखाली, जरा थांबून: 'बाईंनी आत्याचं सांगितलं का?'

प्रशिक्षण संपायला दीड वाजला, कारण मधली वीस मिनिटं कुणालाच काही शिकता आलं नाही. बायका पांगल्यावर थेल्माबाई त्याच्यासमोरच्या बाकावर येऊन बसल्या. डोळे पुसून झाले होते.

"खरं तर मी चिडायला पाहिजे," त्या म्हणाल्या. "मुलीबद्दल काळजी वाटली की मी त्या मुलीलाच कळवत होते. तुम्हाला ते अकरा मार्क माहीत नव्हते ना?"

"नाही." त्यानं फोन बाईंसमोर ठेवला. "चूक माझी आहे, बाई. मी कधी विचारलंच नाही. मला हे ॲप नीट शिकवा. मार्क कुठे दिसतात, हजेरी कुठे, सगळं." मग तो म्हणाला, "आणि ती... चांगलं लिहिते का हो?"

"चांगलं? अहो शेडगे, तेरा वर्षांची पोरगी चार महिने चाळिशीचा बाप लिहीत होती आणि मला पत्ता लागला नाही!"

त्या वाक्यावर तो घरी, सोनारपाड्यापर्यंत चालत गेला. रिक्षा करायचं भानच राहिलं नाही. नाक्यावर एकटाच हसला तेव्हा केळीवाला त्याच्याकडे बघत राहिला.

घरी रुचितानं गणिताचं पुस्तक, वही, टोक काढलेल्या दोन पेन्सिली आणि पाण्याचा तांब्या ओळीत मांडून ठेवला होता. शिवाय कांदेपोहे. आणि स्वतः भिंतीला टेकून उभी, ओढणीचं टोक पिळत.

"पप्पा, मी..."

"बस."

ती बसली. तोही समोर बसला.

"खोटं लिहिलंस ते चुकलं. सोमवारी बाईंपुढे जाऊन सांगायचं. तोंडानं, टॅबवरून नाही."

"हो." एवढुसा आवाज.

"पासवर्ड मी बदललाय."

"हो."

"आता ते बेडकाचं सांग."

तिनं वर पाहिलं. "काय?"

"बाई खुर्चीवर चढल्या ते. तू मला सांगितलंयस म्हणे. मी फार हसलो म्हणे."

रुचिताचे डोळे भरले आणि त्याच क्षणी ती हसायला लागली. ती सांगू लागली, आधी बसून, मग उभी राहून, मग खुर्चीवर चढून. बेडूक कसा उडाला, कुणाच्या डब्यात पडला, बाई कशा ओरडल्या. कुंडलिक मधे मधे विचारत होता, कुठल्या डब्यात, कोण मुलगा, मग त्यानं तो डबा खाल्ला का? दुसऱ्यांदा सांगताना तिनं बेडकाचं कामही केलं.

मग त्यानं पिशवीतून व्हर्नियर काढला, त्याचं मोजमापाचं हत्यार. दशांश अपूर्णांक तिला पुस्तकात कळत नव्हते, पोलादी पट्टीवर मात्र डोळ्यांनी दिसत होते. वाटीची कड मोजली, कंगव्याचा दात मोजला, तिचं नाक मोजताना दोघांची भांडणं झाली.

साडेपाचला भावना आली तेव्हा बापलेक फरशीवर पालथे पडून लाटण्याची जाडी मोजत होते.

"एकतीस पूर्णांक चार!" रुचिता ओरडली.

"नीट बघ. सहा!"

"चार आहे पप्पा, तुमचा चष्मा कुठाय?"

भावनाच्या खांद्यावर पर्स तशीच होती. "काय चाललंय हे? आणि शाळेत काय झालं?"

दोघांनी एकदम तोंड उघडलं, एकमेकांकडे पाहिलं आणि हसत सुटले. मग दोघंही एकाच वेळी सांगू लागले, तो शेवटाकडून, ती सुरुवातीकडून. भावना म्हणत होती, "अहो, एकेकानं! कुणाचं ऐकू मी?" पण तिचं कुणी ऐकत नव्हतं. शेवटी तीही चपला न काढता दारातच खाली बसली आणि काहीएक न कळता हसायला लागली.