रविवारचा मेहुणा

कवळीवाल्याचा घटस्फोट झाला तेव्हा सामानाची वाटणी अगदी बिनबोभाट पार पडली. कपाट तिचं, पंखा त्याचा, मिक्सर तिचा, दुर्बीण त्याची. मेहुण्याचं काय करायचं हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. आणि पुढच्याच रविवारी, धड उजाडलंही नव्हतं तोच, दारावरची बेल वाजली.

"काय दाजी, अजून अंथरुणातच?" गळ्यात थर्मास अडकवून मेहुणा दारात उभा.

"अरे, आता कसला दाजी," कवळीवाला डोळे चोळत म्हणाला.

"बरं, बूट घाला आधी. पाखरं काय आपल्यासाठी खोळंबून बसणार आहेत?"

एवढंच बोलणं झालं. त्यानंतर तीन वर्षं त्या विषयाचं नाव कुणी काढलं नाही.

कवळीवाला दात करायचा. दवाखान्यातून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे, त्यात तो प्लास्टर ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा, कवळी घासूनपुसून चकचकीत करून पाठवून द्यायचा. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं होतं, पण रस्त्यात त्यांतला एकही त्याला ओळखायचा नाही. मागच्या खोलीत तो, घासायचं यंत्र आणि फळीवरचे पांढरे जबडे. आठवडाभर तोंडातून चार शब्द निघाले तर निघाले. सगळं बोलणं रविवारसाठी साठून राहायचं.

मेहुणा लिफ्ट दुरुस्त करायचा. माणूस बोलघेवडा, पण सिमेंटच्या बंद कारखान्यामागच्या पाणथळीवर पोचला की त्याची बोलती आपोआप बंद व्हायची. दगड काढून झालेल्या खाणीत पाणी साचलं होतं, काठाला पुरुषभर उंचीची पाणकणसं माजली होती. पाणकोंबड्या, खंड्या, पंख वाळत घालून बसलेले पाणकावळे, सगळे दोघांना घरच्यासारखे झाले होते. हुलकावणी देत होतं ते पाणमांजर. चिखलात त्याची पावलं दिसायची, दगडावर माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा दिसायची. मेहुणा वाकून वास घ्यायचा आणि जाणकारासारखा म्हणायचा, "ताजी आहे, दाजी. आजचीच."

"तुला बरं कळतं."

"नाकाला कळतं. मी फक्त सांगतो."

मग दोघं खडकावर बसून डबा खायचे. डब्यात पाव आणि चार उकडलेली अंडी. डबा मेहुण्याची आई भरायची. चारांतली दोन कुणासाठी, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि कवळीवाल्यानंही कधी विचारलं नाही. पण एकेकाळच्या सासूबाई आपल्यासाठी अजून अंडी उकडतात, एवढ्यावर त्याचा सोमवार निभायचा.

त्या थंडीत एका रविवारी मेहुणा थर्मासचं झाकण नुसतंच फिरवत बसला.

"दाजी, एक सांगायचं होतं."

"सांग की."

"ताईचं लग्न ठरलंय."

समोर एक बगळा पाय उचलून उभा होता. कवळीवाल्यानं त्याच्यावरची दुर्बीण हलवली नाही. "चांगलं झालं," तो म्हणाला. "माणूस कसा आहे?"

"चांगला आहे हो. तीच तर पंचाईत आहे." मेहुणा कानामागे खाजवत राहिला. "त्यालाही पाखरांची आवड आहे. मी रविवारी कुठे जातो विचारत होता. नाही म्हणायला जीभ रेटेना."

"मग घेऊन ये त्याला."

लग्न झालं आणि पंधरा दिवसांनी तो आला. जमिनीची मोजणी करणारा, उंच, हळू बोलणारा. त्यानं नमस्कार केला, "तुमच्याबद्दल खूप ऐकलंय" म्हणाला आणि म्हणताना लाजला. त्याचा वरचा पुढचा दात बसवलेला होता. काम झकास होतं, नावं ठेवायला जागा नव्हती. कवळीवाल्यानं दुसरीकडेही काही खोट शोधून पाहिली. माणूस पाय दाबून चालत होता, फांदी मोडत नव्हता, उगाच विचारत नव्हता. रागवायचं तरी कशावर?

तिघं पाणकणसांच्या आडोशाला बसले. मेहुणा मधे. बराच वेळ काही हललं नाही. मग मेहुण्यानं एकदम श्वास रोखला आणि कुजबुजला, "दाजी, तिकडे!"

दोघांनीही माना वळवल्या. मोजणीवाल्यानं पाण्याकडे पाहिलं. कवळीवाल्यानं मात्र मोजणीवाल्याकडे पाहिलं. दाजी ही हाक आता दुसऱ्यालाही लागू पडते हे त्याला माहीत होतं, पण लागू पडताना पाहिलं नव्हतं. तो पाण्याकडे वळला तेव्हा तिथे नुसती वर्तुळं उरली होती.

"दिसलं ना? दाजी, दिसलं ना?" मेहुण्याचे डोळे भरून आले होते. "तोंडात मासा होता!"

"दिसलं तर," कवळीवाला म्हणाला. "केवढं होतं!"

पुढच्या रविवारी त्यानं कामाचं निमित्त सांगितलं. त्याच्या पुढच्याही. मग एका दुपारी मेहुणा थेट मागच्या खोलीत येऊन उभा राहिला. अंगावर ग्रीसचे डाग, हातात पाना.

"माझं काय चुकलं ते तरी सांगा."

"काही नाही रे. बस."

"मी त्यांना आणायला नको होतं."

"आणलंस ते बरंच केलंस. तो तुझा दाजी आहे. एका मेहुण्याला दोन दाजी कसे झेपतील?"

"मग तुम्हाला काय म्हणू?"

"नावानं हाक मार."

मेहुण्यानं घसा साफ केला आणि एकदा नाव घेतलं. वर्गात हजेरी घेतल्यासारखं वाटलं. दोघांनाही हसू आलं, मग ते ओसरलं. मेहुण्यानं फळीवरचा एक जबडा उगाच उचलून पाहिला, जागच्या जागी ठेवला. "येतो," म्हणाला. पुढचं संबोधन त्यानं गिळलं.

त्यानंतर कवळीवाला बुधवारी जाऊ लागला. दवाखाने त्या दिवशी बंद असायचे, त्यामुळे साचे येत नसत. पाणथळीवर त्या दिवशी चिटपाखरू नसे, म्हणजे माणसांपैकी. पाणमांजर त्याला त्या हिवाळ्यात दिसलं नाही. ओल्या चिखलात पावलं मात्र दिसायची, आणि कधी त्यांच्या शेजारी दोन जोडी बुटांचे ठसे, रविवारचे, कडा वाळून कडक झालेले. ते ओलांडून तो पुढे जायचा.

एकदा पाणकोंबडी काळ्या पिल्लांची रांग घेऊन उघड्यावर आली. "अरे बघ, बघ," तो मोठ्यानं म्हणाला. वाटेवरून कुत्रा घेऊन चाललेली एक बाई थांबली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या शेजारच्या रिकाम्या खडकाकडे पाहिलं आणि कुत्र्याचा पट्टा आखूड धरून जरा लांबून निघून गेली.

कवळीवाल्यानं दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली. शेवटचं पिल्लू मागे राहिलं होतं. ते आईला गाठेपर्यंत तो हलला नाही.