ओल्या सरसातला स्क्रू

मित्रांनो, माझी मान मोडलेली आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही ऐकता ऐकता सारखे तिकडे पाहणार नाही. मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. रंग लाल, सहा तारांपैकी दोन उरलेल्या. डोंगरकडा गावात धम्मानंदकाकांच्या घरी बैठकीच्या भिंतीवर मला उलटं टांगून ठेवलं आहे. येणारा-जाणारा विचारतो, "ही काहून मोडली हो?" आणि काका सांगतात, "आमच्या पुतणीनं पाडली." वर्षभर मी हे ऐकते आहे. ऐकून ऐकून माझ्या उरल्यासुरल्या तारासुद्धा तापल्या आहेत. म्हणून आज बोलते.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथला पॉलिशचा वास तेवढा आठवतो. नांदेडच्या एका बँडमध्ये मी काही वर्षं काढली. तो बँड मोडला, तेव्हा काकांनी मला आपल्या गायन पार्टीसाठी आणलं. काकांची पार्टी भीमगीतं आणि बुद्धगीतं गाते. जयंती असो, विहाराचा कार्यक्रम असो, सेनगावपासून औंढ्यापर्यंत बोलावणं यायचं. माझा पहिला वादक मला गळ्यात अडकवून असा काही उड्या मारायचा की विचारू नका! लोक टाळ्या वाजवायचे. पण त्या उड्यांनी माझ्या वरच्या शिंगातलं, म्हणजे मानेजवळच्या टोकातलं, स्क्रूचं भोक झिजत गेलं. गळ्यातला पट्टा त्या स्क्रूलाच अडकतो. पुढे त्या वादकाला पुण्यात कंपनीत काम लागलं. तो गेला, भोक मात्र माझ्याकडेच राहिलं.

मग मला सपनाने हातात घेतलं. सपना म्हणजे काकांच्या भावाची मुलगी, शेजारच्याच घरातली. मोबाइलवर बघून बघून ती शिकली. बोटांची सालं निघाली, तरी थांबली नाही. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "पोरीच्या जातीला हे कशाला?" ती ऐकायची आणि पुन्हा तारेवर बोट ठेवायची. मित्रांनो, मला बऱ्याच हातांनी वाजवलं, पण वाजवून झाल्यावर पुसून ठेवणारा हात तेवढा एकच.

सहा महिन्यांनी काकांनी तिला सांगितलं, "शिरड शहापूरच्या विहाराचा कार्यक्रम येऊन राहिला. तिथं नीट वाजवलंस, तर पार्टीत तुझी जागा पक्की. न्हाईतर मी दुसरा माणूस बघतो." त्या दिवशी सपना जेवलीसुद्धा नाही नीट. तिला ती जागा हवी होती. बस, एवढंच हवं होतं तिला.

आता काकांच्या पार्टीचे दोन नियम ऐका. एक, कोणी बसून वाजवायचं नाही. दुसरा, वडीलधारं माणूस समोर येऊन "जय भीम" म्हणालं, की वाजवणं थांबवून दोन्ही हात जोडायचे. एका हाताचा जय भीम काकांना अजिबात खपत नसे. नियम चांगलाच आहे, मी नावं ठेवत नाही. पण दोन्ही हात सुटले की मी पट्ट्यावर लोंबकळते. सपना हुशार. हात जोडताना ती मला कोपराने पोटाशी दाबून धरायची. तरी गोरेगावच्या कार्यक्रमात पट्टा सटकलाच. तिने गुडघा पुढे केला म्हणून मी वाचले.

तेव्हा तिने पार्सलने स्ट्रॅप लॉक मागवले. त्याचा एक भाग स्क्रूने माझ्या अंगात बसतो, दुसरा पट्ट्यात. दोन्ही एकमेकांत गेले की खट्ट आवाज होतो आणि मग पट्टा कितीही ओढा, निघत नाही. ते घेऊन ती जलालुद्दीनचाचांकडे गेली. चाचा सुतार. दारं, पलंग, तिफणी, काय म्हणाल ते करणार. त्यांनी मला मांडीवर आडवं घेतलं, दोन्ही भोकांत काडी घालून पाहिली आणि खालचं लॉक तिथल्या तिथे बसवून दिलं. वरच्या भोकाशी थांबले.

"बेटा, याच्यात लाकूडच ऱ्हायलं न्हाई. स्क्रू धरणार कशाला?"

त्यांनी सागाची बारीक खुंटी तासली, सरस लावून भोकात ठोकली आणि म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत हात लावू नको. सरस वाळला की बारीक भोक पाडून मीच स्क्रू बसवतो."

"चाचा, उद्या अकराला कार्यक्रम हाय. गाडी सातला निघते."

"मग उद्याच्या दिवस बसून वाजव. त्याच्यात काय तकलीफ?"

सपनाने घरी येऊन काकांना तसंच सांगितलं. काका भडकले. "बसून? पार्टीत आजवर कोणी बसलं का? लोक म्हणतील पोरगी हाय म्हणून खुर्ची दिली!" सपनाने खुर्चीचा विषय सोडला. आपल्याला खुर्ची दिली असं लोकांनी म्हणावं, हे तर तिलाही नकोच होतं.

आणि आता जे सांगते, ते फक्त मला आणि काकांना माहीत आहे. सकाळी सपना शेजारी पांढऱ्या साडीला इस्त्री करत होती, तेव्हा काकांनी पेचकस घेतला आणि वरचं लॉक स्वतःच बसवायला घेतलं. भोक पाडलं नाही, काही नाही. ओल्या सरसात स्क्रू पिळला. माझ्या अंगात ती खुंटी कर्रकन फाटली. मी ऐकलं. काकांनीही ऐकलं, कारण त्यांचा हात थांबला. त्यांनी दाराकडे पाहिलं, दोन काड्या मोडून फटीत खुपसल्या आणि स्क्रू परत पिळला. अहो, माझा जीव नुसता कासावीस झाला!

सपना आली. "काका, बराबर बसलं का?"

"हे बघ की," म्हणत त्यांनी पट्टा धरून जोरात ओढला. खालच्या बाजूचा. तिथलं लॉक चाचांनी बसवलेलं.

पोरीचा चेहरा फुलला. खालचं आणि वरचं, दोन्ही सारखेच दिसत होते. तिने का म्हणून संशय घ्यावा? घरचं माणूस सांगत होतं.

शिरडच्या मांडवात तिने काय वाजवलं म्हणून सांगू! दोन गाणी झाली, तिसरं लागलं. समोरच्या बायांनी डोक्यावरचे पदर सावरत ताल धरला. काकांनी वळून तिच्याकडे पाहून मान डोलावली. जागा पक्की झाली, असं मला वाटलं. तिलाही वाटलं असणार, कारण तिची बोटं एकदम सैल, मोकळी झाली. गाणं संपत आलं आणि पद्माबाई नावाच्या एक म्हाताऱ्या आजी काठी टेकत स्टेजपाशी आल्या.

"जय भीम, लेकरा. लई गोड वाजवलंस."

सपनाने दोन्ही हात सोडले आणि जोडले. कोपराने मला धरलं नाही. आता लॉक होतं ना! विश्वास होता. लॉक सुटलंच नाही हो. स्क्रू, खुंटी, काड्या सगळं घेऊन ते माझ्या अंगातून उपटून आलं. मी मानेवर आपटले. स्पीकरमधून असा भयंकर आवाज निघाला की लेकरं रडायला लागली.

सपना गुडघ्यावर बसली. तिच्या हातात पट्टा होता, पट्ट्याला लॉक, लॉकला स्क्रू आणि स्क्रूला फाटकी खुंटी. तिने ते काकांसमोर धरलं. "काका, हे बघा, खुंटी..."

काकांनी तिकडे पाहिलं. तेव्हा एक शब्द बोलायचा होता त्यांनी, 'माझं चुकलं.' स्टेजवर बोलायचा नव्हता, तर गाडीत बोलायचा. पण त्यांनी माइक तोंडाशी घेतला. "माफ करा मंडळी. पोरगी हाय, हातून सुटली."

परतताना गाडीत तिने विचारलं, तर म्हणाले, "जलालुद्दीनच्या हाताला गुण न्हाई." म्हणजे चाचांचंही नाव गेलं आणि पोरीचंही गेलं, काका मात्र कोरडेच्या कोरडे! पद्माबाईंनी नंतर दोनदा निरोप पाठवला, पोरीला आणा म्हणून. तो निरोप सपनापर्यंत पोहोचलाच नाही. ती आता झेरॉक्सच्या दुकानात बसते. गिटारचं नाव काढत नाही.

गेल्या आठवड्यात पार्टीसाठी नवी गिटार आली. काळी, चकचकीत. वादकही नवा. त्याने काकांना विचारलं, "लॉक लावून उद्याच वापरू का?"

काका म्हणाले, "छे! भोक मोठं हाय, म्हणून खुंटी ठोकायला जलालुद्दीनकडे टाकली हाय. दोन दिवस थांबा. ओल्या सरसात स्क्रू धरत न्हाई, लाकूड फाटते."

दारात सपना उभी होती. आईने वाटीभर पिठलं देऊन पाठवली होती. तिने सगळं ऐकलं. वाटी तशीच हातात. मग ती एवढंच म्हणाली, "काका, मग त्या दिवशी काहून न्हाई थांबलात?"

नवा वादक दोघांकडे पाहू लागला. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आणि म्हणाले, "वाटी आत ठेव अन् जा."

तिने वाटी ठेवली. जाताना माझ्यापाशी थांबली आणि माझ्यावरची धूळ पदराने पुसली. काका पाहत होते, म्हणून दुसरी बाजूही पुसली. मग गेली.

मित्रांनो, मला ज्या खिळ्याला टांगलं आहे, तो खिळा खालच्या लॉकमध्ये अडकवला आहे. चाचांनी बसवलेल्या. वर्ष झालं, तो स्क्रू केसभर हलला नाही. तुम्हाला कोणी आपली वस्तू विश्वासाने दिली, तर सरस वाळेपर्यंत थांबा. आणि नाही थांबलात, वस्तू मोडली, तर निदान माइक हातात असताना खरं बोला. मोडलेली मान जोडणारे कारागीर आहेत, चाचा अजूनही म्हणतात, आणा तिला, जोडून देतो. पण मला कोणी न्यायचं? जिने न्यावं, तिला या घरात कोणी बस म्हणत नाही.