पन्नास फुटांची अट

थोरल्या मुलीला, शामलाला जाऊन पाच महिने झाले होते. चैत्रातल्या एका सकाळी यमुताईंनी नवऱ्याच्या ताटात पोळी वाढली आणि सांगितलं, "मागच्या परसात हौद खणायचाय. पोहायचा. लतिकाला शिकवायचं आहे."

लतिका त्यांची धाकटी. केशवराव सेक्रेटरिएटात कारकून होते. त्यांचा घास हातातच राहिला. बायकोचं डोकं ठिकाणावर आहे ना, हे तिच्या चेहऱ्यावरून कळेल असं त्यांना वाटलं, पण चेहऱ्यावर काही नव्हतं. गेले पाच महिने नव्हतंच. सांत्वनाला येणाऱ्या बायका रडायच्या आणि यमुताई त्यांना प्यायला पाणी द्यायच्या.

"लोक काय म्हणतील ते एक सोड," केशवराव सावकाश म्हणाले, "पण म्युनिसिपालटी खणू देईल का? नियम असतात. आधी विचारावं लागेल."

"मग विचारून येते," यमुताई म्हणाल्या आणि दुसरी पोळी वाढली.

कार्तिकात आवळीभोजनाला दोन घरं मिळून अंबाझरी तलावावर गेली होती. एक यांचं आणि दुसरं कुंपणापलीकडच्या नत्थूजींचं. नत्थूजी संत्र्यांचे व्यापारी, नरखेडकडे त्यांच्या बागा होत्या. बायका पानं मांडत होत्या. तेरा वर्षांची शामला ताटं विसळायला काठाशी गेली, शेवाळावरून घसरली आणि आत ओढली गेली. सगळ्यांत जवळ नत्थूजी होते. ते धावत कमरेइतक्या पाण्यात शिरले आणि तिथेच थांबले. त्यांना पोहता येत नव्हतं. तिथे असलेल्या कोणालाच येत नव्हतं.

म्युनिसिपालटीच्या कचेरीत यमुताई एकट्याच गेल्या. ऊन तापलं होतं. छत्री हातात मिटलेलीच राहिली, हे त्यांना कचेरीच्या पायऱ्या चढताना दिसलं. बांधकामाच्या टेबलावर रुपराव नावाचे वयस्क कारकून होते. त्यांनी खुर्ची पुढे केली.

"मालक नाही आले, बाई?"

"ते हापिसात असतात."

काम ऐकून रुपरावांनी चष्मा पुसला. "पोहायचा हौद? साहेब लोकांच्या क्लबात आहे म्हणतात. घरच्या परसात पाहिजे असा अर्ज माझ्याकडे तरी आजवर आला नाही. थांबा, पाहू द्या."

पुस्तक काढून ते बोट फिरवत वाचू लागले. हौदात नळाचं पाणी भरायचं नाही, बागेच्या विहिरीचं चालेल. आठवड्याला पाणी काढून हौद कोरडा करायचा, नाहीतर मलेरियाचे लोक येऊन बुजवतील. सांडपाण्याला पक्की नाली पाहिजे. आणि पिण्याच्या विहिरीपासून, मग ती आपली असो की शेजाऱ्याची, हौद पन्नास फूट लांब पाहिजे.

"अजून?" यमुताईंनी विचारलं.

"इतकंच. ओव्हरसियर येऊन मोजून जाईल." रुपरावांनी अर्ज स्वतःच लिहायला घेतला. "कोणासाठी लिहू?"

"मुलीसाठी."

त्यांनी 'मुलींसाठी' लिहिलं. अनुस्वार जास्तीचा होता. यमुताईंनी तो पाहिला आणि खाली सही केली.

चौथ्या दिवशी ओव्हरसियर फीत घेऊन आला. एका बाजूला घराचा पाया, दुसरीकडे संडास. हौद बसेल अशी एकच जागा होती आणि तिथून कुंपणापलीकडची नत्थूजींची विहीर बेचाळीस फुटांवर होती. ओव्हरसियरनं दोनदा मोजलं.

"आठ फूट कमी पडतात, बाई. परवानगी मिळायची नाही. विहिरीच्या मालकानं लिहून दिलं की हे पाणी आम्ही पीत नाही, तरच होईल. पण असं कोण लिहून देतं?"

त्या विहिरीचं पाणी गोड होतं. वरण त्याच पाण्यात लवकर शिजतं म्हणून गल्लीतल्या चार घरच्या बायका एकेक पितळी गुंड भरून न्यायच्या.

संध्याकाळी यमुताई नत्थूजींकडे गेल्या. कार्तिकापासून नत्थूजी समोरच्या दारानं बाहेर पडत नसत. या घरावरून जायला नको म्हणून मागच्या बोळातून जात. यमुताईंना ओसरीवर पाहून ते उठून उभे राहिले आणि उभेच राहिले.

"बसा न, बाई."

यमुताई बसल्या नाहीत. कारकुनानं सांगितलं होतं तसं सगळं त्यांनी ओळीनं सांगितलं. हौद, पन्नास फूट, बेचाळीस फूट, लिहून द्यायचं ते. बाजारातून काय आणायचं हे सांगावं तसा त्यांचा आवाज होता.

नत्थूजींनी मान खाली घातली. "त्या दिवशी मी पान्यात उभाच राहिलो, बाई. तिचा हात दिसून राहिला होता मले. अजून दोन पावलं गेलो असतो त..."

"तुम्हीही बुडाला असता," यमुताई म्हणाल्या. हे त्यांनी माफ करायला म्हटलं नव्हतं. तसंच झालं असतं, म्हणून म्हटलं. "कागद आणलाय मी."

नत्थूजींनी दौत मागवली. दारातून त्यांची बायको गिरजाबाई पुढे आली. "काहून सही करून राहिले तुमी? प्यायचं पानी कोन भरन? चौकातल्या नळावर मी जाऊ काय या वयात?"

"चूप राय वं. मी भरीन."

"तुमी?"

"हो, मी."

त्यांनी सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागद दोन्ही हातांत धरून ठेवला. यमुताईंनी तो घडी करून घेतला. त्या घरी आल्या आणि त्यांनी चुलीवर भात ठेवला.

वैशाखात परवानगी आली. हौद बांधून झाला. अठरा फूट लांब, साडेतीन फूट खोल. मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या घरची भागाबाई रोज दुपारी शिकवायला येऊ लागली. पहिले आठ दिवस लतिका पायरीवरून उतरायलाच तयार नव्हती. ती भागाबाईच्या गळ्याला मिठी मारायची. यमुताई काठावर बसून राहायच्या. मुलगी घाबरली आहे हे त्यांना दिसायचं. तिला जवळ घ्यावं असं काही आतून यायचं नाही. "उतर," एवढंच त्या म्हणायच्या.

आणि रोज सकाळी नत्थूजी दोन गुंड घेऊन आता या घरावरूनच चौकातल्या नळाकडे जायचे. बायकांच्या रांगेत हा एकटा पुरुष, तोही धोतर-टोपीतला व्यापारी माणूस. पोरी हसायच्या. येताना ते दोनदा थांबून गुंड खाली ठेवायचे. यमुताई खिडकीतून हे रोज पाहायच्या आणि भाजी चिरायला बसायच्या.

ज्येष्ठ लागला. एका दुपारी भागाबाईनं हात सोडला आणि लतिका या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकटी गेली. नाकातोंडात पाणी गेलेलं, केस डोळ्यांवर आलेले. भिंत धरून ती ओरडली, "आई, पाहिलंस?"

"पाहिलं," यमुताई म्हणाल्या. "परत जा." लतिका परत गेली. तिसऱ्यांदा गेली. चौथ्यांदा भागाबाईनंच तिला ओढून बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थूजी परतताना यमुताईंच्या फाटकासमोर गुंड ठेवून दम खात होते. यमुताई ओल्या हातानंच बाहेर आल्या.

"नत्थूजी, आमच्या घरात नळ आहे."

"हो, माहीत आहे मले."

"मग चौकात काहून जाता?" नागपुरी शब्द त्यांच्या तोंडून तसाच निघाला. "उद्यापासून इथूनच भरा. गिरजाबाईंना पाठवा, मी भरून देईन."

नत्थूजींच्या खांद्याला गुंडाच्या काठाचा लाल वळ उठला होता. यमुताईंनी तो जवळून पाहिला आणि दोन महिने हा माणूस आपल्या दारावरून पाणी वाहतो आहे, हे त्यांना आत्ता कुठे नीट कळलं. त्या फाटकाला धरून उभ्या राहिल्या.

"बरं वाटत नाही का, बाई?" नत्थूजींनी विचारलं.

"नाही," यमुताई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "थोडं पाणी द्या."

नत्थूजींनी गुंड उचलून त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं.