टाकीतला सुस्कारा

शेवटी एका टाचणीनं दादाचं भूत गेलं. पण हे मी अजून सांगितलेलंच नाही असं समजू आणि हॉस्पिटलच्या फाटकापाशी जाऊ. तिथे दादाची मोटारसायकल सलग चौथ्या दिवशी बंद पडली होती आणि सत्तर माणसं कामधंदा सोडून तिच्याकडे बघत होती.

याच फाटकातून तीन महिन्यांपूर्वी दादाला शेवटचं बाहेर आणलं होतं. गाडी आता वहिनी चालवायची. घरोघर जाऊन इंजेक्शनं देणं हे तिचं काम.

गेलेल्यांचा श्वास ऐकू येतो म्हणणाऱ्या श्वासगुरूंनी गर्दीला गप्प केलं आणि टाकीचं झाकण उघडलं.

फुस्स्स.

लांब, दमलेला सुस्कारा. कामावरून आल्यावर खुर्चीत बसताना दादा टाकायचा तसाच. माझ्या अंगावर काटा आला. मी विज्ञानाचा पदवीधर आहे, पण परीक्षेला अंग बसलं नव्हतं.

"आत्मा पेट्रोलला चिकटलाय," गुरू म्हणाले. "टाकी भरली की गुदमरतो. झाकणाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पेट्रोलही मीच भरणार."

किक मारली, गाडी सुरू. सत्तर जणांनी हात जोडले.

टाकी अर्धी असली की गाडी पुढे सलूनपर्यंत जायची. दादा तिथे केस कापायचा. एकदा शाळेपाशी थांबली. तिथे तो शिकला होता. दादा कधी गेलाच नाही अशी जागा आमच्याकडे नव्हती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

येत्या रविवारी गाडी गुरूंच्या अंगणात कायमची ठेवायचं ठरलं.

"आणि तुझी फेरी?" मी वहिनीला विचारलं.

"चालत जाईन. त्यांना त्रास होतोय भाऊजी, ऐकलंत ना?"

"चालत निम्मी घरंसुद्धा होणार नाहीत."

"मग निम्मी करीन."

शनिवारी टायरचं निमित्त काढून मी वहिनीला गाडीसकट गॅरेजवाल्या काकूंकडे नेलं. काकू मला मागे बसवून फाटकापर्यंत चक्कर मारायला गेल्या. येताना बंद पडलेली गाडी मी ढकलत आणली. काकूंनी कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू सैल केला. दोन थेंब आले, मग काहीच नाही.

"वर टाकी भरलेली, खाली कोरडं," म्हणत त्यांनी झाकण उघडलं.

फुस्स्स. खाली लगेच धार लागली.

वहिनीनं डोळे मिटले.

"बाहेर कुणी नाही आलं, पोरी. हवा आत गेली. पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा यावी लागते. त्यासाठी झाकणाला भोक असतं. ते बुजलंय." काकूंनी झाकणात फुंकून दाखवलं; नुसते गाल फुगले. मग टाचणी घातली. टोकाला पांढरा गोळा आला. "मेण. पॉलिशचं."

"मी रोज घासते," वहिनी हळूच म्हणाली. "यांचा अंगठा तिथे असायचा."

काकूंनी टाचणी पुसून ठेवली.

"तुझा गुरू आधी पेट्रोल पंपावर होता," काकू म्हणाल्या. "बारा वर्षं झाकणं उघडली त्यानं. माझ्या स्कूटरचाही सुस्कारा ऐकलाय. आणि आमचे हे तेव्हा धडधाकट होते."

वहिनी हसली, मग रडली, मग तिनं विचारलं, "भोक परत बुजवता येईल? फक्त रविवारी?"

"येईल. पण कुणीतरी इंजेक्शनची वाट बघत बसेल."

वहिनीनं झाकण लावलं. गाडी फाटक, सलून, शाळा ओलांडून गेली. कुठेच थांबली नाही. मागे बसलेल्या मला ते फार भयाण वाटलं.

तेव्हा गाडी अडली की आधी झाकण तपासा, परलोक नंतर. आणि तुमच्या दुःखाचं झाकण कुणी सराईतपणे उघडलं, तर तो आधी कुठे कामाला होता ते विचारा.

उरला माझा अर्ज: मा. वाहन नोंदणी अधिकारी यांस सविनय विनंती की, सदर वाहन वहिनीच्या नावे करण्याच्या अर्जावर पूर्वीच्या (मयत) मालकाची समक्ष सही आवश्यक असल्याने, त्यास कार्यालयीन वेळेत एक दिवस हजर राहण्याची परवानगी मिळावी.