डब्यातला थेंब

पाणबुड्याच्या घरात भर दुपारी पंखा बंद झाला की समजायचं, आज डबा उघडणार.

डबा म्हणजे कॅमेऱ्याची पाण्यात न्यायची पेटी. काळी, जाड, मागे झाकण आणि दोन खटके, पुढे काचेचा घुमट. कंपनीने तिला चांगलं लांबलचक नाव दिलं होतं, पण घरात ते कुणी वापरत नसे, जसं आत्याचंही कुणी वापरत नसे. पाणबुड्या या डब्यात कॅमेरा घालून बंदरातल्या जहाजांच्या बुडांचे आणि धक्क्याच्या खांबांचे फोटो काढायचा. जहाजांची तोंडं काय, कुणीही बघतं.

असा हा माणूस गेला तो मात्र कोरड्यात. दाताच्या डॉक्टरकडे, बाहेरच्या बाकावर, पाळीची वाट बघत. तिथल्या बाईने त्याला दोनतीन हाका मारल्या आणि मग पुढच्याला आत घेतलं. दात तसाच राहिला.

मागे राहिली त्याची बहीण, म्हणजे आत्या, आणि मुलगा ढिम्म. हे नाव बापानेच ठेवलेलं. लहानपणी झोपाळ्यावरून पडला तरी हा पठ्ठ्या उठून आधी झोपाळा थांबवायचा. बाप गेल्याचा फोन आला तेव्हा त्याने "बरं" म्हणून फोन ठेवला आणि राहिलेली भांडी घासली. भेटायला येणारी माणसं रडायची आणि हा त्यांना पाणी द्यायचा.

"अरे, एकदा तरी रड," आत्या म्हणाली होती. "मला एकटीला सगळं उरकत नाही."

"येत नाहीये," ढिम्म म्हणाला. बस येत नाहीये म्हणावं तसं.

आता प्रश्न उद्या सकाळचा होता. धक्क्याच्या खांबांना तडे गेलेत का, त्याचे फोटो हवे होते. बंदरातल्या साहेबाने फोनवर सरळ सांगितलं होतं, "तुम्हाला जमत असेल तर वडिलांचं काम तुमचंच. नाहीतर रोबोटवाला तयारच आहे. संध्याकाळपर्यंत कळवा." ढिम्म बापाबरोबर पुष्कळदा पाण्यात उतरला होता, त्याची त्याला धास्ती नव्हती. पण डबा बंद करणं बापाने जन्मात कुणाच्या हाती दिलं नव्हतं. आणि कॅमेरा घरात एकच. डबा गळला की कॅमेरा गेला आणि त्याच्यामागोमाग कामही गेलं.

"रोबोटला एक बरं असतं," आत्या म्हणाली. "त्याला बाप नसतो."

मग दोघांनी अंघोळीच्या प्लास्टिकच्या टोप्या घातल्या. हा पाणबुड्याचा नियम होता. झाकणाच्या रबरी रिंगवर एक केस जरी राहिला तरी त्याला धरून समुद्र आत येतो. तो स्वतः तीन चतुर्थांश टकला होता, तरी टोपी घालायचा. तत्त्व म्हणजे तत्त्व.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर ढिम्मने पांढरा टॉवेल अंथरला. जुन्या प्लास्टिकच्या कार्डाच्या कडेने रिंग हलकेच उचलून काढली. पिन लावायची नाही, रिंगला ओरखडा पडतो. कान कोरायच्या कापसाच्या काडीने खाच पुसली. मग बोटाच्या टोकावर ग्रीस घेऊन रिंगवरून फिरवलं.

"जरा सढळ हाताने लाव की," आत्या म्हणाली. "कुकरच्या रिंगला मी..."

"नाही. बाबा म्हणायचे, नुसती झाक यायला हवी. जास्त लावलं की कचरा धरतं."

रिंग बसवून त्याने तिच्यावर पार नाक टेकेपर्यंत वाकून केस शोधला. नव्हता. आत कॅमेऱ्याऐवजी टिश्यूचा कोरडा कागद ठेवला, पुन्हा वाकून चारही बाजू बघितल्या आणि खटके लावले.

न्हाणीघरात पाण्याचं पिंप भरलेलं होतं. रिकामा डबा तरंगतो, म्हणून आत्याने स्टुलावर बसून तो आपल्या काठीने पाण्यात दाबून धरला. गुन्हेगाराकडून काही वदवून घेत असल्यासारखी ती बसली होती. इतक्यात शेजारच्या काकू सांत्वनाला आल्या. पिंपाशी टोप्या घालून बसलेली ही दोघं त्यांनी पाहिली.

"प्रत्येकाचं दुःख वेगळं असतं," असं म्हणून त्या दारातूनच परत गेल्या.

डबा काढून बाहेरून पुसला, उघडला. टिश्यूवर ओला ठिपका.

पाणी दिसलं की आधी चाखायचं, हाही पाणबुड्याचाच नियम. खारट लागलं तर समुद्रात गळलाय, अळणी लागलं तर धुताना. ढिम्मने टिश्यू जिभेला लावला.

"खारट."

"पिंपात नळाचं पाणी आहे," आत्या म्हणाली.

"माहीत आहे."

"मग समुद्र नळाला जोडला का कुणी?"

खाचेत जुनं मीठ राहिलं असणार, असं ठरवून ढिम्मने सगळं पुन्हा केलं. रिंग काढली, धुतली, वाळवली, झाक आणली. वाकून बघितलं. डबा पिंपात गेला, काठी डब्यावर आली. उघडला तर दोन ठिपके. दोन्ही खारट.

"मला जमत नाहीये," ढिम्म म्हणाला. आवाजात काही नव्हतं. "रोबोटवाल्यालाच बोलवू देत साहेब."

आत्याने टिश्यू उजेडात धरला. "कडा कोरड्या आहेत रे. गळती कडेने येते ना? मग ठिपके मधोमध कसे?"

"काय की."

"परत बंद कर. मी बघते."

त्याने परत रिंग बसवली, आत नवा टिश्यू ठेवला आणि वाकला. आत्या समोर बसून पाहत होती. ढिम्मचा चेहरा नेहमीसारखाच होता, बंद दुकानासारखा. फक्त डाव्या डोळ्यातून एक थेंब निघाला, नाकाच्या कडेने शेंड्याशी आला, तिथे जरा थांबला आणि टिश्यूवर पडला. ढिम्मने खटका लावला.

"अरे," आत्या म्हणाली, "डबा ठीक आहे. तू गळतोयस."

ढिम्मने गालाला हात लावला. मग नियमाप्रमाणे बोट चाखलं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"मला काय विचारतोस? डोळे तुझे."

"थांबवू कसं?"

"मला ठाऊक असतं तर मी नसतं थांबवलं?"

मग आत्या उठली, बापाच्या खोलीत गेली आणि त्याचा पाण्यात घालायचा, डोळे-नाक झाकणारा काचेचा मास्क घेऊन आली. ढिम्मने टोपी नीट केली, मास्क चढवला. नवा टिश्यू ठेवला, हवं तेवढं वाकला, खटके लावले. या वेळी आत्याने डबा पिंपात इतका वेळ दाबून धरला की तिची काठी थरथरायला लागली.

टिश्यू खडखडीत कोरडा निघाला.

तेवढ्यात साहेबाचा फोन आला. ढिम्मने मास्कसकट उचलला.

"काय ठरलं?" साहेब म्हणाला. "आणि आवाज असा का येतोय?"

"पाण्याखाली आहे."

"आत्तापासून?"

"हो."

"बरं. सकाळी या मग."

फोन ठेवेपर्यंत मास्कमध्ये नाकपुड्यांपर्यंत पाणी चढलं होतं. मास्क काढायला गेला तर आत्याने त्याचा हात धरला.

"काढू नकोस. अजून कॅमेरा घालून डबा बंद करायचाय. मास्क भरला की काय करायचं, शिकवलंय ना तुझ्या बापाने?"

शिकवलं होतं. ढिम्मने मान वर केली, मास्कची वरची कड दोन बोटांनी कपाळावर दाबली आणि नाकाने जोरात फुंकर मारली. पाणी खालच्या कडेने हनुवटीवरून शर्टावर उतरलं.

आत्याने काचेतून आत बघितलं.

"परत भरतोय."

"हो."

"मग परत फुंक."